पडदा कुणाचा?

प्रश्न : मी चित्रकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नाट्यशास्त्र आणि संगीत शिकणाऱ्या मित्रांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवली होती. प्रयोगाला ८ दिवस उरले असताना त्यांनी मला बोलावले आणि मी ५ रात्री जागून १८ फुटी मांजरपाटाचा पडदा रंगवला. रंगांचा आणि कापडाचा खर्च गटाने केला. रंगीत तालमीत पडद्यावरची निळी नदी काळीठिक्कर दिसू लागली, तेव्हा ‘तुझा रंग चुकला’ असे मला सर्वांदेखत ऐकवण्यात आले. श्रेयनामावलीत माझे नाव ‘विशेष साहाय्य’ या ओळीत आले. आता हीच एकांकिका बाहेरगावी होणार असून तिच्या जाहिरातीवर पडद्याचे छायाचित्र मला न विचारता छापले आहे. पडदा माझा की गटाचा? आणि यांच्याबरोबर पुन्हा काम करावे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी नदीचे पाहू, कारण भांडणाचे मूळ तिथेच आहे. निळा रंग आपल्याला निळा दिसतो, तो त्याच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग परत फेकतो म्हणून. संध्याकाळच्या प्रसंगासाठी प्रकाशयोजनाकाराने दिव्यावर गडद नारिंगी जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावले असेल, तर त्याने उजेडातला निळा भाग वाटेतच अडवला आणि नदीकडे परत फेकायला काही उरलेच नाही. तुमचा रंग चुकला नव्हता आणि त्याचे जिलेटीनही चुकले नव्हते; तुम्ही दोघे रंगीत तालमीपर्यंत एकमेकांना भेटला नव्हता, एवढेच. पुढच्या वेळी मांजरपाटाच्या हातभर तुकड्यांवर तीन-चार निळ्या छटा लावा, ते तुकडे त्याच जिलेटीनखाली धरून पाहा आणि मगच पडद्याला हात घाला. (मी विद्यार्थी असताना राजवाड्याचे खांब तैलरंगाने रंगवले होते. दिवे लागताच ते घासलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे लखलखू लागले आणि राजाच्या गंभीर प्रवेशाला प्रेक्षागृहात हशा पिकला.)

आता मालकीचे. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या दृष्टीने तुमची एकांकिका ही एकच एक कृती नाही. संहितेचा कर्ता लेखक, संगीताचा कर्ता संगीतकार आणि रंगवलेल्या पडद्याची कर्ती तुम्ही. संयुक्त कर्तृत्व तेव्हाच मानले जाते, जेव्हा एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे काढता येत नाही. पडदा तर खुंटीवरून काढून घडी घालता येतो. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतले आणि वेगळा करार झाला नाही, तर प्रताधिकाराचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. तुम्हाला केवळ साहित्याचा खर्च मिळाला आहे आणि माझ्या मते तो मोबदला नव्हे. म्हणून कापड गटाचे आणि त्यावरील चित्राचा प्रताधिकार तुमचा, असे मी म्हणेन. हा अधिकार दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तालमीच्या चहावर झालेले ‘हो, हो, चालेल’ त्यासाठी पुरत नाही. शिवाय, अधिकार दिल्यानंतरही कृतीवर आपले कर्तृत्व सांगण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ नुसार शाबूत राहतो. तेव्हा जाहिरातीवर तुमचे नाव छापावे आणि श्रेयनामावलीत ‘नेपथ्यचित्र’ अशी वेगळी ओळ द्यावी, ही मागणी तुम्ही निःसंकोच करा. वकिलाची पायरी चढण्याआधी दिग्दर्शकाबरोबर तासभर बसा. बहुतेक वेळा त्याला हे ठाऊकच नसते.

पुन्हा काम करावे का? करावे, पण आठ दिवस आधी नव्हे, संहितेच्या पहिल्या वाचनापासून. सगळे ठरल्यानंतर बोलावलेला चित्रकार रंगारी होतो आणि संगीतकार दोन प्रवेशांमधला अंधार भरणारा. १९७२ साली पुण्यात आलेले ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. ही नावे आजही वेगवेगळीच घेतली जातात. तरीही तिथे ओळीने उभी राहणारी, डोलणारी आणि गाणारी माणसांची भिंत हाच पडदा होता, आणि त्यात चाल कुठे संपते नि हालचाल कुठे सुरू होते हे प्रेक्षकाला वेगळे काढता येत नाही. अशी भिंत शेवटच्या आठवड्यात उभी राहत नाही. पुण्याच्या फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत तर गायन, वादन, नृत्य, चित्र अशा अनेक कला एकाच प्रयोगात गुंफणे अपेक्षित असते. पण रंगमंचाच्या कोपऱ्यात एक जण निमूटपणे कॅनव्हास रंगवतो आहे आणि मध्यभागी त्याच्याशी सुतराम संबंध नसलेले नाटक चालले आहे, असे महाविद्यालयीन प्रयोग मी कितीतरी पाहिले आहेत. त्याला मी शेजार म्हणेन, सहनिर्मिती नव्हे.

पहिल्या वाचनाच्याच दिवशी एक कागद करा. कोण काय करणार, नाव कोणत्या शब्दांत छापणार, बाहेरगावच्या प्रयोगांचे आणि चित्रीकरणाचे काय, आणि बक्षिसाच्या रकमेची वाटणी कशी, हे त्यावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मैत्रीत कागद कशाला, असे कुणीतरी म्हणेलच. त्याची सही आधी घ्या.

प्रश्न : मी संगीताचा विद्यार्थी आहे. मित्राच्या एकांकिकेतील गाणे मी काळी एकच्या पट्टीत (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरावर) बांधले, पण नायिकेला तार सप्तकातील, म्हणजे उंच सुरांतील, ओळ पेलत नाही. स्वर खाली घेतला तर चालीची धार जाते, असे मला वाटते. दिग्दर्शक मात्र ऐकत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : या खेपेस दिग्दर्शकाचे ऐकावे. काळी एक ही तुमच्या गळ्याची पट्टी आहे, आणि रंगमंचावर गाणार आहे ती, तेही धावतपळत संवाद म्हणून झाल्यावर. तिला हार्मोनियमजवळ बसवून न घेता प्रवेशातील हालचालींसह एकदा गायला लावा आणि दम कुठे तुटतो ते पाहा. पट्टी बदलल्यावर धार खरोखरच जात असेल, तर ती एक ओळ फिरवून बांधा. चाल तुमची असल्याने तो अधिकार तुम्हालाच आहे, दिग्दर्शकाला परस्पर बदल करता येणार नाही. तबलजीला मात्र आजच सांगून ठेवा. पट्टी इतकी बदलल्यावर दायाँ (तबल्याच्या जोडीतला उजव्या हाताचा) नुसता उतरवून भागत नाही, दुसरा आणावा लागतो, आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो गावात कुणाकडेच मोकळा नसतो.