लोगो कंपनीचा, वही आपली

गेल्या महिन्यात या सदरात पत्रकारितेच्या कोर्सबद्दल लिहिलं आणि नंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची, मोठ्या मीडिया कंपनीत काम करणं म्हणजे नेमकं काय असतं. मी बावीस वर्षं केलंय हे, आधी एका मोठ्या पेपरचा डेस्क, म्हणजे बातम्या तपासून लावायचा विभाग, आणि मग चॅनल, त्यामुळे यावेळची सगळी जागा यालाच.

ताई, मी २३ वर्षांची, डोंबिवलीला राहते. एका मोठ्या न्यूज चॅनलच्या डेस्कवर निवड झालीये, ऑफिस लोअर परळला. शिफ्टचं ऐकून आईबाबा घाबरलेत. रोज नक्की काय काम असतं? आणि एवढ्या मोठ्या ठिकाणी आपल्याला कोणी विचारतं का?

आधी मनापासून अभिनंदन! सुरुवातीला बहुतेक टिकर देतील, म्हणजे स्क्रीनच्या खाली धावणारी पट्टी. तिथे कंटाळू नकोस, सात-आठ शब्दांत बातमी बसवायची सवय तिथेच लागते आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूकही तिथेच सगळ्या महाराष्ट्राला दिसते. मग बाईट म्हणजे कोणाच्या बोलण्याचा तुकडा कापणं, पॅकेज म्हणजे दृश्यं आणि आवाज जोडलेली पूर्ण बातमी लिहिणं, आणि हात बसला की रनडाउन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम लावणं. ऑफिसात दोन बाजू असतात, इनपुट म्हणजे बातमी आणणारे आणि आउटपुट म्हणजे ती दाखवणारे, या दोघांचं रोज वाजतं, ते मनावर घेऊन घरी जायचं नाही. तुझं पॅकेज चार-पाच जणांच्या हातातून जाणार, कोणी पहिली ओळ बदलेल कोणी शेवटची, आणि एखाद्या दिवशी दुपारभर खपून केलेलं ऑन एअर जायच्या दोन मिनिटं आधी ड्रॉप होईल कारण कुठेतरी आग लागलेली असेल. माझं पहिल्यांदा झालं तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन रडले होते. लहान पेपरात तुझी बातमी तुझी असते, इथे ती बुलेटिनची असते, हे मनाला पटायला मला वर्ष लागलं.

पण मोठ्या कंपनीत जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही हेही तितकंच खरं. जिल्ह्याजिल्ह्यात माणूस असतो, जुनं फुटेज काढून देणारी लायब्ररी असते, नोटीस आली तर वकील असतात, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या खुर्चीवर असा माणूस असतो ज्याने तुझ्या जन्माच्या आधीच्या निवडणुका कव्हर केल्यात. त्याच्याशी चहाला जात जा.

आता एक जुनी गोष्ट सांगते. २६ जुलै २००५. मी पेपरच्या डेस्कवर होते, ऑफिस दक्षिण मुंबईत. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. म्हणजे आमच्या खिडकीबाहेर नेहमीचा पावसाळी दिवस होता, आणि तिकडे कुर्ला, कलिना बुडत होतं! एवढी मोठी कंपनी, एवढे फोन, एवढे टीव्ही लावलेले, आणि दुपारी उशिरापर्यंत आम्हाला अंदाजच नाही. मोबाइल लागत नव्हते. माझ्याकडे एक वही होती, रिपोर्टर मैत्रिणीचं बघून लिहायला लागले होते, त्यात पोलीस चौक्या, हॉस्पिटलं, बसचे डेपो असे लँडलाइन नंबर. उपनगरातल्या एका डेपोत फोन लागला, तिथल्या क्लार्कनी सांगितलं बसच्या खिडकीपर्यंत पाणी आलंय, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, माणसं टपावर आहेत. ते ऐकल्यावर आमचं पहिलं पान बदललं. त्या रात्री कोणी घरी गेलं नाही आणि पुढची रात्रही आम्ही तिथेच काढली, आमच्यातला एक जण कलिन्याचा होता, त्याच्या घरचा पत्ता दुसऱ्या दिवशी दुपारी लागला, तोपर्यंत तो मान खाली घालून पानं लावत होता. मला आजही तो माणूस आठवला की भरून येतं.

तर तू विचारलंस कोणी विचारतं का. माईकवर लोगो असला की मंत्रीही थांबतो, पण तो लोगोसाठी थांबतो. डेपोतला क्लार्क माझ्याशी बोलला कारण त्याआधी दोन वर्षं मी त्याला दर पावसाळ्यात फोन करून नीट बोलत होते. ती वही पहिल्या दिवसापासून कर, कागदाची, ऑफिसच्या फोनमध्ये नाही, कारण नोकरी सुटली की ऑफिसचा फोन परत द्यावा लागतो.

आईबाबांना शिफ्टचं असं सांग. सकाळची शिफ्ट असेल तर पहाटे निघावं लागेल, रात्रीची असेल तर सुटायला एक-दीड, गणपती विसर्जनाला दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवरून लालबागचा राजा जाईपर्यंत लाइव्ह चालू, आणि दिवाळीचा फराळ डेस्कवरच. पाऊस पडून लोकल बंद झाल्या की सगळे घरी थांबतात आणि आपण निघतो. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. दारापर्यंत, म्हणजे ठाणे स्टेशनला सोडतो पुढे बघ असं नाही. जॉइन व्हायच्या आधी एचआरला मेलवर विचार की डोंबिवलीपर्यंत ड्रॉप आहे का, तोंडी हो म्हटलेलं धरू नकोस.

ओळख नसली तर मोठ्या ठिकाणी घेतात का? मी विरारचा, घरात कोणी या लाइनमध्ये नाही.

घेतात. माझंही कोणी नव्हतं. इंटर्नशिपला ओळख कामी येते हे खोटं नाही, पण डेस्कला टेस्ट असते, वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी देतात आणि अर्ध्या तासात मराठी करायला सांगतात. त्यात बहुतेक जण वाक्याला वाक्य लावून भाषांतर करतात आणि तिथेच बाद होतात. बातमी वाचा, कागद उलटा ठेवा आणि आईला सांगितल्यासारखी लिहा. रोज एक, तीन महिने.

मी ३१ वर्षांचा, आठ वर्षं व्हिडिओ एडिटर. मोठ्या ग्रुपमधून ऑफर आहे पण पेरोलवर नाही, 'कन्सल्टंट' म्हणून वर्षाचं काँट्रॅक्ट, महिना ६० हजार. आत्ताच्या पगारापेक्षा जास्त दिसतंय. शिवाय सोडल्यावर सहा महिने दुसऱ्या चॅनलला जायचं नाही असं कलम आहे. सही करू का?

दिसतंय हा शब्द तुम्हीच वापरलात, तिथूनच हिशोब धरा. कन्सल्टंटला प्रोफेशनल फी म्हणून पैसे देतात, त्यातून १० टक्के टीडीएस म्हणजे कर आधीच कापतात, म्हणजे हातात ५४ हजार, रिटर्न भरल्यावर त्यातले काही परत येऊ शकतात. पीएफ नाही, म्हणजे पेरोलवर कंपनी बेसिकच्या १२ टक्के भरते ते गेलं. भरपगारी रजा नाही, मेडिक्लेम बहुतेक नाही, आणि तुमच्या जागी एखादी मुलगी असती तर २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्हही नाही. हे सगळं मांडून आत्ताच्या पगाराशी ताडून बघा, कदाचित फरक चार-पाच हजारांचाच उरेल.

तरी काम आवडीचं असेल तर नाही म्हणू नका, मागणी बदला. 'फिक्स्ड टर्म एम्प्लॉयी' म्हणून घ्या असं सांगून बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कर्मचाऱ्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, आधी पाच वर्षं लागायची. आणि १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा फक्त पेपरवाल्यांचा होता, चॅनलमधले आम्ही कधीच त्यात नव्हतो, नव्या संहितेत टीव्ही आणि डिजिटलमधले पत्रकारही व्याख्येत आलेत. आम्ही किती वर्षं याची वाट बघितली ते आम्हालाच माहीत!

सहा महिन्यांच्या कलमाला घाबरून सही अडवू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यावर माणसाला त्याच्या धंद्यापासून अडवणारी अट कोर्टात टिकत नाही. नोटीस पिरियड मात्र टिकतो, आणि ऑफिसच्या हार्डडिस्कमधलं फुटेज घरी नेणं हा सरळ गुन्हा होऊ शकतो, ते कधी करू नका. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे ना ते बघा. त्यांना १५ दिवस आणि तुम्हाला ९० असेल तर बदलून मागा, मागितलं तर बऱ्याचदा बदलतात, आपण मागतच नाही.

मी डेली सोपचे संवाद लिहिते. रात्री अकराला सीन मागतात, सकाळी ठाण्याच्या सेटवर पोचायला हवा. कराराच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय सगळे हक्क चॅनलचे, कायमचे. मग माझं काय राहतं?

रात्रीचे सीन का मागतात ते तुम्हाला माहीतच आहे, बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड संपलेले असतात, गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि कथेचा ट्रॅक फिरतो. यात कोणी एक वाईट नसतं, चॅनलच्या क्रिएटिव्ह टीममधली सीन मागणारी ती मुलगीही तुमच्याइतकीच जागी असते. पण बँक किती दिवसांची ठेवणार हे सुरुवातीला ठरवून घ्यायला हवं होतं, पुढच्या वेळी घ्या.

हक्कांचं नीट वाचा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यात लेखक, गीतकार, संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा मिळाला, आणि तो वाटा करारात लिहून दिला तरी सोडून देता येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे 'सगळे हक्क' मध्येसुद्धा हा येत नाही. दुसरं, करारात मुदत लिहिलीच नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिलेत असं कायदा धरतो, म्हणून तर ते 'कायमचे' लिहून घेतात. मुदत खोडून पाच-सात वर्षं करून मागा. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, मेंबर व्हा, तुमची स्वतःची गोष्ट असेल ती चॅनलला ऐकवायच्या आधी तिथे रजिस्टर करा. आणि प्रत्येक सीनचा मेल स्वतःच्या पर्सनल आयडीवर सीसी ठेवा.

ताई, मी आई म्हणून लिहितेय. मुलगा १२ वर्षं एकाच मोठ्या कंपनीत होता. दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्यावर त्याचं डिपार्टमेंटच बंद केलं. दोन महिने घराबाहेर पडत नाही. म्हणतो मी आता कोणीच नाही.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या धंद्यात बोर्डावरची नावं फार लवकर बदलतात. अल्फा मराठीचं २००५ ला झी मराठी झालं, स्टार माझाचं २०१२ ला एबीपी माझा, ई टीव्ही मराठीचं २०१५ ला कलर्स मराठी, आणि २०२४ ला रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला मीडियाचा धंदा एक होऊन जिओस्टार उभं राहिलं. प्रेक्षकाला फक्त कोपऱ्यातला लोगो बदललेला दिसतो. आतल्या माणसाने बारा वर्षं फोनवर स्वतःचं नाव सांगताना पुढे तो लोगो जोडलेला असतो, तो काढला की नाव अर्धवट वाटतं. माझं कार्ड गेटवर लागेनासं झालं तेव्हा मीही पंधरा दिवस कोणाचा फोन उचलला नव्हता. त्यामुळे त्याला उठ, काहीतरी कर असं लगेच म्हणू नका.

पैशाचं मात्र तुम्ही बघू शकता, त्याला आत्ता ते सुचणार नाही. कंपनीने राजीनामा लिहून घेतलाय की काढल्याचं पत्र दिलंय ते आधी बघा, राजीनामा असेल तर नोकरकपातीची भरपाई मिळवणं अवघड होतं, मग कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. ग्रॅच्युइटी त्याची हक्काची आहे, शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, म्हणजे बेसिक ४० हजार असेल तर १२ वर्षांचे साधारण २ लाख ७७ हजार, आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. तुम्ही दोन महिने लिहिलंय, म्हणजे आली नसेल तर आजच मेल करायला लावा. पीएफ काढू नका, राहू द्या.

आणि एक, त्याची जुनी डायरी किंवा फोनबुक असेल ना, या धंद्यातल्या माणसाकडे असतंच, ती त्याच्या उशाशी ठेवा. एकेकाला फोन लाव म्हणावं, काम मागायला नाही, नुसतं कसे आहात म्हणून. मी तेच केलं होतं, पहिल्या दोघांनी आता कुठे आहात म्हणून विचारलं आणि मला बोलता आलं नाही, तिसरा फोन त्या डेपोतल्या क्लार्कना, ते रिटायर होऊन वसईला राहायला गेले होते, आवाज ओळखून म्हणाले, "बोला मॅडम, यंदा पावसाची खबर लवकर घेताय."