मामांचं उदाहरण खरं आहे, म्हणून?

प्रश्न : आमचे मामा घरच्या ग्रुपवर रोज एक कारस्थान टाकतात. सध्या 'माणूस चंद्रावर गेलाच नाही' चालू आहे. मी हसलो की म्हणतात, "फोक्सवॅगनचं कुणी आधी सांगितलं असतं तर तेव्हाही असाच हसला असतास." कट आहे असं मानणं कधी शहाणपणाचं असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : असतं. मामांनी उदाहरणही चोख निवडलंय, पण ते पूर्ण सांगत नाहीत. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीनं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवणूक केली, ते हे प्रकरण.

मे २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभियंत्यांचा अहवाल आला. धुराच्या नळीला मोजणी यंत्र जोडून त्यांनी तीन डिझेल गाड्या रस्त्यावर चालवल्या होत्या. फोक्सवॅगनच्या जेटाच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले, तिच्याच पसाटच्या धुरात ५ ते २० पट. तिसरी गाडी, बीएमडब्ल्यू, बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली. म्हणजे दोष यंत्राच्या माथी मारणं अवघड झालं. तरी त्या दिवशी 'कंपनी फसवतेय' म्हणणं घाईचं ठरलं असतं. तांत्रिक बिघाडाची शक्यता उरली होती, आणि कंपनी तेच सांगत होती.

डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीनं गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं. मे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामकांनी पुन्हा मोजलं, तरी आकडे चढेच. इथे 'बिघाड' ही सबब लंगडी पडली आणि संशय रास्त ठरला. २०१६ च्या मॉडेलांना मंजुरी अडली, तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये कबुली आली : स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब यांवरून सॉफ्टवेअर चाचणी ओळखत होतं आणि तेवढ्यापुरता धूर मर्यादेत ठेवत होतं. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं तपासणी केल्यावर भारतातही ३,२३,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

यात दर टप्प्यावर संशय खोटा ठरू शकत होता. मामांना तेवढंच विचारा : काय दिसलं तर तुम्ही म्हणणं मागे घ्याल? दावा एका ओळीत लिहून घ्या : कुणी, काय, कधीपासून. मग प्रत्येक आक्षेपानंतर कटात सामील झालेल्यांची यादी वाढतेय का ते बघा. वाढत असेल तर दावा पुराव्यावर उभा नाही.

'एवढे लोक गप्प कसे बसतील?' हा आपला आवडता सवाल मात्र जपून वापरा. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून ४० वर्षं अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्यानं सिफिलिस असलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा रुळलेला उपचार झाला होता, तरीही. रुग्णांना 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं जाई, आणि निष्कर्ष मात्र वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत. बोललं जात होतं, ऐकणाऱ्यांना काही वावगं वाटत नव्हतं! त्यानंतर कृष्णवर्णीय अमेरिकनांनी सरकारी आरोग्य योजनांकडे संशयानं बघितलं तर त्यांना भोळं म्हणता येणार नाही. पण असा अविश्वास 'नीट तपासा' म्हणायला पुरतो. अमक्या लशीत तमुक घातलंय, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता चंद्र. अपोलो ११, १४ आणि १५ नं तिथे ठेवलेल्या आरशांसारख्या परावर्तकांवरून पृथ्वीवरचे लेसर आजही परत येतात. 'ते तर माणसाविना गेलेल्या यानानंही ठेवता येतात,' असं मामा म्हणतील, आणि ते खरंय. रशियनांनी तसे ठेवलेही. मग त्याच रशियनांना विचारायला सांगा : चंद्रावर आधी पोचायची शर्यत हरत असताना त्यांनी बनाव उघडा का नाही पाडला? 'तेही सामील होते' असं उत्तर आलं, तर यादीत सोव्हिएत संघाचं नाव लिहून घ्या.