कोल्हापुरात घरापुढं छोटी बाग करायची आहे, फेंगशुईप्रमाणे मांडणी कशी करावी?

फेंगशुई म्हणजे चिनी भाषेत वारा आणि पाणी, आणि आपल्याकडं पावसाळ्यात हेच दोन्ही बाग बिघडवतात, त्यामुळं सुरुवात तिथनंच करा. मूळ नियम असा की पाठीला आधार आणि समोर मोकळं, म्हणजे उंच झाडं घरामागं लावायची आणि दारासमोर बुटकी फुलझाडं.

वाट सरळ गेटपासून दारापर्यंत नको, थोडी वळणाची करा, ऊर्जा म्हणजे ची सावकाश आत येते असं मानतात, आणि खरं सांगू का, वळणाच्या वाटेनं चार-पाच फुटांची जागापण मोठी वाटते. फेंगशुईत प्रत्येक दिशेला एक तत्त्व मानतात, पूर्व आणि आग्नेय लाकूड तत्त्वाच्या दिशा, तिथं कढीपत्ता, पारिजातक बसवा. दक्षिण अग्नीची, लाल जास्वंद छान दिसेल. पाणी उत्तरेला, पण साठलेलं अजिबात नको, फेंगशुईतपण ते वाईटच आणि डासांचं घर वेगळं, छोटा पंप लावून फिरतं ठेवा नाहीतर पाण्याचा नादच सोडा.

निवडुंग, काटेरी गुलाब दाराजवळ नकोत. वाळलेली पानं, फुटक्या कुंड्या मात्र आजच काढा, बाकी सगळं नंतर.