माजोरिका: चेटकीण, जादूगारीण की डाकीण? आणि खाष्ट की खडूस?

प्रश्न असा होता की 'ओजामाजो डोरेमी' या जुन्या जपानी ॲनिमेचे हौसेने मराठी सबटायटल करताना त्यातल्या माजोरिका या म्हातारीला 'खाष्ट जादूगारीण' लिहिलं तर चालेल का, कारण मैत्रीण म्हणतेय डाकीण लिही. मी म्हणेन दोन्ही नको, चेटकीणच लिहा, आणि खाष्ट काढून खडूस करा.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ साली सुरू झालेली तोएई ॲनिमेशनची सिरीज आहे. तिसरीतली डोरेमी हारुकाझे नावाची पोरगी माहोदो नावाच्या एका विचित्र दुकानात शिरते, आतली मालकीण बघून तिला संशय येतो की ही माजो (इंग्रजीतली 'विच') आहे आणि कार्टी ते तोंडावर बोलून टाकते. आता तिकडचा नियम असा की माणसाने माजोला ओळखून तसं म्हटलं की तिचा बेडूक होतो, तोही धड बेडूक नाही, हिरवा लिबलिबीत गोळा. आणि तिला परत पहिल्यासारखं करायचं तर जिने ओळखलं तिनेच स्वतः माजो व्हायचं. म्हणून माजोरिका नाइलाजाने डोरेमीला हाताखाली घेते, मागोमाग हाझुकी आणि आइको येतात, आणि मग शिकवणं कमी अन् खेकसणं जास्त असा कारभार सुरू होतो, त्यात दुकानाच्या गल्ल्यावर बाईंचा डोळा असतोच.

आता बघा, या गोष्टीत 'माजो' हा शब्द नुसतं वर्णन नाहीये, तो उच्चारला की काहीतरी घडतं. म्हणजे मराठीत असा शब्द पाहिजे जो आठ वर्षांची मुलगी पटकन किंचाळेल आणि ऐकणारीला तो आरोप वाटेल. 'आजी, तू चेटकीण आहेस!' हे जमतं. 'तुम्ही जादूगारीण आहात' यात काही दम नाही, उलट बाई खूश होऊन टोपीतून ससा काढून दाखवेल. जादूगार हा आपल्याकडे तिकीट लावून प्रयोग करणारा माणूस, त्याला ओळखलं म्हणून त्याचं काय बिघडणार? आणि 'आजी, तू' मुद्दाम लिहिलंय. अनोळखी म्हातारीला आपल्याकडचं पोर 'तू' म्हणतं ते फक्त आजी म्हणूनच, नाहीतर 'तुम्ही' आलं आणि 'तुम्ही' आलं की किंकाळीतली हवा गेली.

डाकीण का नको? शब्द जुना आहे, डाकिनीवरून आलेला, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंदुरबारकडच्या आदिवासी भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करणं, गावातून हाकलणं हे खरोखर घडत आलंय, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असले प्रकार गुन्हा म्हणून धरलेत. ज्या शब्दापायी जिवंत बायकांचे हाल होतात तो लहान मुलांच्या कार्टूनमधल्या हिरव्या बेडकीला कशाला चिकटवायचा. हडळ तर बसतच नाही कारण हडळ ही मेलेल्या बाईचं भूत, आणि माजोरिका चांगली जिवंत आहे, दुकान चालवतेय.

चेटकीण मात्र आपल्याकडे बालनाट्याने सोपी करून ठेवलीय. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगलेंनी केली, ती बघून पोरं घाबरतात पण खिदळतात जास्त. नेमकं तेवढंच भ्यायला पाहिजे आपल्याला.

बरं, माजो या शब्दाचं मूळ बघितलं तर गंमत आहे, आणि ती थेट आपल्या दारात येऊन पोचते. दोन चित्राक्षरं आहेत, 'मा' आणि 'जो'. जो म्हणजे बाई. मा हे अक्षर चिनी लोकांनी बौद्ध ग्रंथांचं भाषांतर करताना आपला संस्कृत 'मार' लिहायला म्हणून बनवलं, म्हणजे बुद्धाला बोधिवृक्षाखालून उठवायला आलेला तो मार, ज्याची सगळी फौज अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात भिंतीवर कोरलेली आहे. 'मृ' धातूवरून मार, म्हणजे मारणारा. तो चीनमधून जपानला गेला, तिथे एका बाजूला 'माजो'त घुसला आणि दुसऱ्या बाजूला 'माहो'त, माहो म्हणजे जादू, दुकानाचं माहोदो हे नाव त्यावरूनच. ज्याला आपण इंग्रजीतून मॅजिकल गर्ल म्हणतो तिचं जपानी नाव 'माहो शोजो', त्यातही हाच मार बसलाय. लेण्यात उभं राहून कुणाला सांगितलं की गुलाबी फ्रॉक घालून गिरक्या घेणाऱ्या पोरींच्या कार्टूनच्या नावात हा बुवा आहे तर वेड्यात काढतील, पण आहे.

आणि सिरीजच्या नावात तर तो दोन शब्दांचा सांधा होऊन बसलाय. 'ओजामा' म्हणजे अडथळा, व्यत्यय. जपानी माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना 'ओजामा शिमास' म्हणतो, आपण 'जरा त्रास देतो हं' म्हणतो तसं. या जामातला मा तोच, माजोतला मा तोच, म्हणून ओजामा आणि माजो एकमेकांत अडकवून ओजामाजो. मराठीत हे जसंच्या तसं येणं अशक्य आहे, कटकट आणि चेटकीण मिळून 'कटकीण' एवढंच मला सुचतंय, आवडलं तर फुकट घ्या. नाहीतर सरळ 'लुडबुडी चेटकीण' करा, वाईट नाही.

आता स्वभाव. खाष्ट हा शब्द मराठीत सासूने अडवून ठेवलाय, खाष्ट म्हटलं की पुढे सासूच येते आणि तिच्या खाष्टपणात समोरच्याचं भलं व्हावं असा हेतू कुणी शोधत नाही. कजाग म्हणजे भांडायला टपलेली, तेही नाही. तुसडी म्हणजे माणूसच नकोसा असलेली, आणि माजोरिका तशी असती तर तीन पोरी दुकानात दिवसभर गोंधळ घालताना तिने सहनच केल्या नसत्या. तिरसट जवळ जातो, पहिल्या काही भागांत तर तिरसटच आहे. फटकळही आहे, म्हणजे मनात येईल ते तोंडावर. पण शिकवणाऱ्या माणसासाठी आपल्या बोलण्यात जो शब्द रोज असतो तो खडूस. 'खडूस आहे पण शिकवतो चांगलं' हे वाक्य तुम्ही मास्तरांबद्दल, क्लासच्या सरांबद्दल, पहिल्या नोकरीतल्या साहेबाबद्दल ऐकलेलं असणारच. त्या 'पण'ची सोय खडूसमध्ये आहे, खाष्टमध्ये नाही, 'खाष्ट आहे पण' असं कुणी बोलतच नाही. क्रियापदंही त्या हिशोबाने निवडा. सारखं 'रागावली' लिहू नका. डाफरली, खेकसली, वसकन अंगावर आली, करवादली, एवढा माल असताना कंजुषी कशाला.

तिच्या बोलण्याबद्दल विचारलं नव्हतं तरी सांगतो कारण तिथेच सबटायटल मार खातात. माजोरिका स्वतःला 'वाशी' म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'जा' लावते. खऱ्या आयुष्यात जपानी म्हाताऱ्या सर्रास असं बोलत नाहीत, ही गोष्टीतल्या म्हाताऱ्यांची ठरलेली भाषा आहे. सातोशी किन्सुई नावाच्या भाषातज्ज्ञाने याला 'याकुवारिगो' असं नाव दिलंय, म्हणजे पात्राची भूमिका बोलण्यातूनच कळावी अशी भाषा. मराठीत त्यासाठी वेगळी क्लृप्ती नको, आपल्या म्हाताऱ्यांचा साठा मोठा आहे. 'अगं ए भवाने, तो मंत्र आहे, बडबडगीत नाही', 'मेले, हात धुतलेस का', 'कार्टे, दिवे लावलेस पुन्हा'. ही वाक्यं माझी आहेत, सिरीजमधली नाहीत, नुसती चाल कळावी म्हणून दिली.

मेंटॉरला गुरुमाई वगैरे करू नका, आश्रमाचा वास येतो. शाळेतला 'बाई' पुरतो. हाझुकी जरा नेमस्त मुलगी आहे, तिच्या तोंडी 'चेटकीणबाई' शोभेल. पोरींना जपानीत 'मिनाराइ' म्हणतात, म्हणजे बघून बघून शिकणारी, तिथे 'शिकाऊ' छान बसतो, प्रशिक्षणार्थी नको, फार सरकारी वाटतं.

नावाचं मात्र काही करता येणार नाही. त्या जगातल्या जवळपास सगळ्या चेटकिणींची नावं माजोपासूनच सुरू होतात, माजोरिका, माजोरुका, माजोहार्ट, आणि मराठी कानाला पहिल्या नावात सरळ माजोरी ऐकू येतं. निव्वळ योगायोग आहे, पण बाईंचा एकंदर रुबाब बघता मी तो बदलणार नाही.

लिहिताना एवढं बघा, 'चेटकीण' मधली की दीर्घ, पण अनेकवचनात आणि प्रत्यय लागला की ह्रस्व, चेटकिणी, चेटकिणीला, चेटकिणीचा बेडूक.