मांगेरेच्या बालवाडीत रुजू होण्याआधी काय वाचाल?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. न्यूझीलंडच्या साउथ ऑकलंडमध्ये, मांगेरेच्या बालवाडीत नोकरी पक्की झाली आहे, वर्गात बहुतेक मुलं सामोअन आणि टोंगन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ आणि टोंगा बेटांवरून आलेल्या घरांतली असणार, तर सांगलीहून निघण्याआधी या लोकांविषयी काय वाचावं? आणि ‘तो एरिया बरा नाही’ असं नातेवाईक म्हणतात, ते खरं का?

दुसऱ्याचं आधी सांगते. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, रात्री मेन रोडने या-जा करा; मोठ्या शहरात कुठेही पाळाल तेवढंच इथे पाळायचं. बाकी हा सल्ला कुठून येतो ते मला ठाऊक आहे. आपली मंडळी जवळच्याच पापाटोएटोए भागात दहा-दहा वर्षं राहतात, शेजारच्या सामोअन घरात एकदाही पाऊल टाकत नाहीत आणि व्हॉट्सॲपवर नवख्यांना ‘मांगेरे नको गं’ म्हणून सांगतात. तुम्हाला तर रोज सकाळी त्याच घरांतल्या आज्या नातवंडांना सोडायला येताना भेटणार. म्हणून वाचून येताय हे फार बरं.

एक नियम करा: त्यांच्याबद्दल बाहेरच्यांनी लिहिलेलं नंतर, त्यांनी स्वतः लिहिलेलं आधी.

सुरुवात मेलानी आनाए यांच्या ‘द प्लॅटफॉर्म’ने करा. 2020 मध्ये आलेलं छोटंसं पुस्तक आहे. 1971 साली ऑकलंडच्या पॉन्सन्बी भागात पोरासोरांनी ‘पॉलिनेशियन पँथर्स’ ही संघटना काढली. आनाए स्वतः तिच्यात होत्या, आणि पुस्तक तिच्याविषयीच आहे. तुम्ही व्हिसावर येताय, म्हणून हे पहिलं. युद्धानंतर कारखान्यांना माणसं हवी होती तेव्हा बेटांवरून लोकांना येऊ दिलं, आणि सत्तरच्या दशकात मंदी आल्यावर तेच लोक डोळ्यांत खुपायला लागले. 1974 ते 76 या काळात पोलीस पहाटे घरांत घुसून झोपलेल्या माणसांना उठवून कागद मागायचे. याला ‘डॉन रेड्स’, म्हणजे पहाटेचे छापे, म्हणतात. व्हिसा संपूनही राहिलेल्यांत ब्रिटिश आणि अमेरिकन थोडे नव्हते, त्यांच्या दारावर कुणी थाप मारली नाही. पुढे 1985-86 च्या आकड्यांतही तेच दिसलं: मुदत उलटून राहिलेल्यांत पॅसिफिक लोक एक-तृतीयांश, खटले मात्र 86 टक्के त्यांच्यावर. पँथर्सनी काय केलं? पहाटे मंत्र्यांच्या बंगल्यांसमोर जाऊन कर्ण्यावरून ‘पासपोर्ट दाखवा’ म्हणून ओरडा केला. हा प्रसंग वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले होते.

1 ऑगस्ट 2021 ला तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंड टाउन हॉलमध्ये सरकारच्या वतीने या छाप्यांबद्दल माफी मागितली. त्याचा व्हिडिओ अवश्य बघा. सामोअन रिवाजाप्रमाणे माफी मागणारा स्वतःला बारीक विणीच्या चटईखाली झाकून घेतो आणि समोरचे ती उचलतील याची वाट बघतो. त्या तशाच बसल्या होत्या. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांच्या दारावर ती थाप पडलेली असू शकते.

मग आल्बर्ट वेन्ट यांची ‘सन्स फॉर द रिटर्न होम’ ही कादंबरी. ही नवी नाही, 1973 ची आहे, तरी सोडू नका. वेलिंग्टनमधलं एक सामोअन कुटुंब, ‘मुलं शिकली की परत जायचं’ एवढ्या एका वाक्यावर जगणारे आईबाप, आणि गोऱ्या मुलीच्या प्रेमात पडलेला मुलगा. ‘पाच वर्षं काढू, मग पुण्यात फ्लॅट’ असं म्हणणारी आपली घरं मी इथे इतकी पाहिली आहेत की ती आई मला ओळखीची वाटली.

बालवाडीसाठी सेलिना टुसिटाला मार्श यांचं ‘मॉपहेड’ बॅगेतच ठेवा. 2019 चं चित्रपुस्तक आहे, पुढच्या वर्षी त्याला इथला बालसाहित्याचा सर्वात मोठा पुरस्कार मिळाला. भरघोस कुरळ्या केसांमुळे शाळेत चिडवली गेलेली, केस घट्ट बांधून ठेवणारी मुलगी; मग एकदा वर्गात विस्कटलेल्या केसांचा एक कवी येतो. लेखिका पुढे देशाची राजकवी झाली, गोष्ट तिची स्वतःचीच आहे. मी हे वर्गात वाचते तेव्हा कुरळ्या केसांच्या पोरी आपोआप पुढे सरकून बसतात.

टुसियाटा आविया यांचा ‘द सॅव्हेज कोलोनायझर बुक’ हा कवितासंग्रह मात्र जपून उघडा. 2021 मध्ये त्याला देशातला मुख्य कविता पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या ‘पॅसिफिका’, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या वंशाच्या, स्त्री. पण कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीला त्या ज्या भाषेत झापतात ती ऐकून सासूबाई उठून जातील. आपल्या दलित पँथरची कविता पचवलेल्या वाचकाला जड जाऊ नये. डेमन सालेसा यांचं ‘ॲन इंडिजिनस ओशन’ 2024 चं पुरस्कारप्राप्त आहे, पण जाडजूड आणि अभ्यासकी, आल्यावर सावकाश. एपेली हाउओफा यांच्या ‘टेल्स ऑफ द टिकोंग्स’मधल्या चावट गोष्टी एका रात्रीत संपतील. अनुदान देणारे परदेशी तज्ज्ञ आणि ते जिरवणारे गावकरी यांची अशी टर उडवलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

एक ध्यानात असू द्या: ‘पॅसिफिका’ ही एक जमात नाही. सामोआ, टोंगा, न्युए, कुक बेटं, टोकेलाऊ यांच्या भाषा वेगळ्या आणि कागदपत्रंही वेगळी. न्युए, कुक आणि टोकेलाऊचे लोक न्यूझीलंडचे नागरिकच असतात, टोंगनांना तुमच्यासारखाच व्हिसा लागतो. टोंगन आईला ‘तुमच्या सामोअन लोकांत’ म्हणाल तर ती हसेल, पण विसरणार नाही. माओरी तर इथलेच मूळचे, त्यांना यात धरत नाहीत.

आणि तुमच्याशी हिंदीत बोलणारी फिजीची कुटुंबं भेटतील. 1879 पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत नेलेल्या भारतीयांची ही पणतवंडं. बेटांवर चार-पाच पिढ्या काढूनही सरकारी आकडेवारीत त्यांना आशियाई धरतात, पॅसिफिक नाही, आणि हे त्यांतल्या बऱ्याच जणांना सलतं. त्यांच्याविषयी इतिहासकार ब्रिज लाल यांचं वाचा.

सगळं तिथून विकत घेऊन वजन वाढवू नका. इथे नवं पुस्तक तीस-चाळीस डॉलरला पडतं, पण लायब्ररीचं कार्ड फुकट आहे आणि ऑकलंडने 2021 पासून उशिराचा दंडही बंद केलाय. पत्त्याचा पुरावा हातात आला की त्याच आठवड्यात कार्ड काढा. ‘द प्लॅटफॉर्म’ तेवढं ई-बुक घेऊन विमानात वाचा. घरभाड्याचं आणि डिपॉझिटचं उद्या वेगळं लिहिते.