इंटरव्हलला बोलू : वाचकांचे सिनेमे, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की 2025 मधे आलेल्या सिनेमांपैकी कुठला पटला, कुठला नाही पटला, आणि काही शंका असतील तर त्याही पाठवा. पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट असं बरंच आलं. पण निम्म्या लोकांनी "लई भारी" नाहीतर "पैसे पाण्यात" एवढंच लिहून विषय संपवलाय. अहो कुठला प्रसंग भारी वाटला, कुठं डोकं उठलं ते लिहा की, नुसतं भारी म्हणलं तर त्यावर मी काय बोलणार. त्यामुळं ज्यांनी नेमका प्रसंग लिहिलाय त्यांना आधी घेतलंय.

"सगळं घर मिळून छावा बघायला गेलो. शेवटी महाराजांचे हाल दाखवायलेत ते मला बघवेना, मी उठून बाहेर पायरीवर येऊन बसले. आता सासरची सगळी मंडळी म्हणायलीत की तुला महाराजांबद्दल काही वाटतच नाही. सिनेमा पूर्ण पटला नाही असं म्हणायची पण चोरी झालीय. माझं काही चुकलं का?"
– एक ताई, परभणी

ताई, काही चुकलं नाही. ज्याला वाटतं त्यालाच बघवत नाही, हे घरच्यांना सांगा. 1689 मधे संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि 11 मार्चला त्यांचा शेवट झाला, तो इतिहास क्रूरच आहे, त्यात दिग्दर्शकाचा काही दोष नाही. पण त्या हालांवर कॅमेरा किती वेळ ठेवायचा हे लक्ष्मण उतेकरांनी ठरवलंय, आणि त्यावर तिकीट काढून आलेल्या माणसानं बोललं तर महाराजांचा अपमान होत नाही. महाराज वेगळे, सिनेमा वेगळा.

मला विचाराल तर शेवटच्या भागातला सगळ्यात जबरदस्त प्रसंग रक्ताचा नाहीच, साखळदंडात बांधलेले महाराज आणि त्यांचे सोबती कवी कलश एकमेकांना कविता ऐकवतात तो आहे. विकी कौशल आणि विनीत कुमार सिंह दोघांनी तिथं जे केलंय त्यापुढं बाकीची मारकाट फिकी पडते. अक्षय खन्नाचा औरंगजेब पण तसाच, आवाज चढवत नाही म्हणूनच भीती वाटते. पहिल्या भागात मात्र लढाईमागून लढाई येते आणि शिवाजी सावंतांच्या कादंबरीत जे दरबारातलं राजकारण दम धरून वाचायला मिळतं ते इथं घाईघाईत उरकलंय असं मला वाटलं. आणि मतं मांडायचीच नाहीत म्हणावं तर रिलीजच्या आधी महाराज लेझीम खेळतात त्या प्रसंगावर लोकांनी आक्षेप घेतला होता, तो प्रसंग काढला गेला. तेव्हा लोकांचं मत चाललं, मग तुमचं का नको? औरंगजेबाची कबर आपल्याच मराठवाड्यातल्या खुलताबादला, त्यामुळं मार्चमधे कबर हटवा म्हणून जो गदारोळ झाला त्यात सिनेमा म्हणून तो कसा होता हे बोलायचं राहूनच गेलं.

"दशावतार सिनेमा बघितला. मालवणी निम्मी कळली नाही पण अडलं कुठंच नाही. नजर साथ देत नाही तरी बाबुली मेस्त्री दशावताराच्या खेळात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, उभा राहतो, तिथं मला रडू आवरलं नाही. प्रश्न असा आहे की कोकणातल्या माणसाच्या तोंडी त्याची भाषा आली तर आपण रडतो, आणि आपली मराठवाड्याची भाषा पडद्यावर आली की थेटर हसायला लागतं. असं का?"
– एक निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई

गुरुजी, ह्या प्रश्नासाठी पानभर जागा दिली तरी कमीच पडेल.

आधी सिनेमाचं सांगतो. सिनेमा आला तेव्हा 81 वर्षांचे असलेले दिलीप प्रभावळकर बाबुली म्हणून अंगाला रंग लावून उभे राहतात हेच मुळात बघण्यासारखं आहे. पहिला भाग, बाप-लेकाचा, मला फार आवडला. उत्तरार्धात सुडाचं गाडं सुरू झालं की ती माया जरा पातळ होते. पण तरी कोकणातल्या प्रेक्षकाला "हे आपलं आहे" असं वाटलं आणि आपल्यालाही ते परकं वाटलं नाही.

आता आपलं. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी बोली मुंबई-पुण्याच्या थेटरात नेली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. बिघडलं ते नंतर. मागून आलेल्यांनी त्यांचा फक्त हेल उचलला, माणूस नाही उचलला. त्यात संवाद लिहिणारे "गावरान" म्हणून एकच मसाला सगळीकडं टाकतात, थोडं कोल्हापूर, थोडं बीड, वरून दोन वेळा "लई". लातूरचा माणूस "करूलालाव" म्हणतो, परभणीचा "करायलाव", देगलूरकडं गेलं की बोलण्यात तेलुगू-कानडीचा वास येतो, हे कुणी ऐकतच नाही. सिनेमातला मराठवाड्याचा माणूस म्हणजे हिरोचा मित्र, नाहीतर पुढाऱ्याचा चमचा, नाहीतर पुण्यात येऊन लिफ्टला घाबरणारा पाहुणा. त्याला गंभीर वाक्य मिळतच नाही, मग लोकांना तोंड उघडलं की हसायची सवय लागणारच ना.

आणि विषय नाहीत म्हणावं तर तसंही नाही. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हाताऱ्या आईजवळ लेकरं ठेवून नाहीतर सोबत घेऊनच फडावर जायचं. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, जलदूत, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं पण ज्या घरात त्यातलं पाणी पोचलं ते घर पडद्यावर बघितल्याचं मला काही आठवत नाही. रझाकारांच्या काळातल्या आठवणी घराघरात आहेत. तुळजापूरच्या आराधी बायका रात्रभर देवीची गाणी गातात त्यांच्यात बाबुली मेस्त्रीच्या तोडीचं माणूस सापडणार नाही काय? सापडेल. पण ते शोधायला लेखकाला एसटीनं इकडं यावं लागेल आणि चार महिने राहावं लागेल.

"मी शाळेत शिपाई होतो. नोकरी करत 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, गणितात एकदा गचकलो. आता थांबायचं नाय सिनेमा बघताना बायको सारखी माझ्याकडं बघून हसायली. लई आवडला. पण आमच्या इथून तो इतक्या लवकर का गेला?"
– एक मामा, नांदेड

मामा, गणितात गचकणाऱ्यांची संघटना काढली तर मी सेक्रेटरी व्हायला तयार आहे.

मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी दिली त्या खऱ्या गोष्टीवर हा सिनेमा आहे. शिवराज वायचळनं भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव ह्या दोघांकडून त्यांची नेहमीची उड्या मारणारी कॉमेडी न करून घेता काम करून घेतलंय, आणि आशुतोष गोवारीकरांचा साहेब उगाच भाषणं ठोकत नाही. पोटासाठी दिवसभर घाण उपसलेला माणूस रात्री बाकावर बसून पेन धरतो ते बघताना तुमच्यासारख्यांना काय वाटलं असेल ते मला नीट कळणार नाही, तुम्हीच सविस्तर लिहून पाठवा.

लवकर का गेला ते सांगतो. 1 मे 2025 ला हा आला, त्याच दिवशी गुलकंद आला, आणि त्याच दिवशी हिंदीतला रेड 2 पण आला. आता तालुक्याच्या गावात एक नाहीतर दोन पडदे. हिंदीला संध्याकाळ-रात्र दिल्यावर उरलेल्या शोमधे दोन मराठी सिनेमे एकमेकांच्या ताटातलं खातात. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त सगळ्यांनाच पाहिजे असतो, त्याला काय करणार.

"मराठीचे शो सकाळी 9 नाहीतर दुपारी 12 ला लावायचे आणि मग म्हणायचं प्रेक्षक येत नाही. कॉलेज बुडवून जायचं का? आणि जीएसटी कमी झाला म्हणे, मग आमच्या मल्टिप्लेक्सचं तिकीट एक रुपयानं पण का उतरलं नाही?"
– एक विद्यार्थी, जालना

कॉलेज बुडवायला मी सांगितलं असं घरी सांगू नको.

शोचं दुखणं जुनं आहे. मराठीला चांगल्या वेळेचा शो मिळावा म्हणून सरकारनं 2015 ला मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगितलं, पण त्यात दुपारी 12 पासून रात्री 9 पर्यंतची सगळी वेळ चांगली धरली, मग 12 चा शो दिला की नियम पाळला! 18 जुलैला हिंदीतला सैयारा आणि मराठीतला येरे येरे पैसा 3 एकाच दिवशी आले तेव्हा काय झालं ते बघितलंस ना, सैयाराला गर्दी दिसली की मराठीचे शो कमी केले आणि त्यावरून मुंबईत चांगलाच वाद पेटला. थेटरवाला पण धंद्याला बसलाय हे खरं आहे, पण पहिल्या तीन दिवसात संध्याकाळचा शोच दिला नाही तर गर्दी होणार कशी हे त्याला कुणीतरी विचारायला पाहिजे.

जीएसटीचा हिशोब असा की 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. 100 च्या वरच्या तिकिटाला 18 टक्के होता, तो तसाच राहिला. म्हणजे तुझ्या मल्टिप्लेक्सच्या तिकिटाला काही फरक नाही. गावातल्या जुन्या सिंगल स्क्रीनचं मूळ तिकीट 80 असेल तर आधी 89 रुपये 60 पैसे व्हायचे, आता 84. पाच रुपये 60 पैशात समोसा तरी येतो का? नाही.

"धाकट्या पोराला घेऊन जारण बघितला. अमृता सुभाषचं काम बघून आम्ही दोघं गार, पण पोरगं आठ दिवस एकटं झोपेना. लहान मुलांना आत सोडतातच कसं?"
– आई-बाबा, लातूर

सोडतात कारण सेन्सॉरचं UA सर्टिफिकेट म्हणजे आई-बाबांनी ठरवायचं असा अर्थ असतो. 2024 च्या नव्या नियमांपासून त्यात तीन पायऱ्या केल्यात, 7+, 13+ आणि 16+, तिकीट काढताना तो आकडा दिसतो, तेवढा बघत जा. A असेल तर 18 च्या आतल्यांना प्रवेशच नाही, मग सोबत कुणी का असेना. बाकी जारण चांगलाच जमलाय, करणी आहे की मनाचा आजार आहे ह्या दोन्हीच्या मधे तो तुम्हाला लटकत ठेवतो. आपल्याकडं जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, पण कुणाच्या दारात लिंबू दिसलं की अजून चार घरं कुजबुजतातच, त्यामुळं हा सिनेमा इकडं जास्त अंगावर येतो.

"आमच्या गावापासून थेटर लांब. एकानं ग्रुपवर साबर बोंडं सिनेमाची लिंक टाकली, खरी की खोटी माहीत नाही. बघितला तर चालेल का, आणि असा बघून मत दिलं तर छापाल का?"
– एक वाचक, हिंगोली जिल्हा

चालणार नाही, छापणार पण नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर थेटरात चोरून शूटिंग करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड आहे, आणि तसलं काही पुढं ढकलणारा पण त्यात अडकू शकतो, त्यामुळं त्या ग्रुपवाल्यापासून जरा लांब राहा.

पण तुमची तगमग कळते. रोहन कानवडेचा हा सिनेमा, 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सगळ्यात मोठं ज्युरी बक्षीस घेऊन आला, मराठीला तिथं आधी कधी मिळालं नव्हतं, आणि 19 सप्टेंबरला इकडं रिलीज झाला तर तुमच्यासारख्यांच्या जवळ आलाच नाही. बाप गेल्यावर दहा दिवसाच्या सुतकाला मुंबईहून गावी आलेला पोरगा, नातेवाइकांचं "लग्न कधी करतोस" आणि त्याचा गावातला जुना मित्र, दोन पुरुषांच्या प्रेमाची इतकी शांत गोष्ट मी मराठीत बघितली नव्हती. बांधावर साबर, म्हणजे निवडुंग, असणाऱ्या गावातल्या लोकांनाच ती बघायला मिळू नये ह्याचा राग येतो. संभाजीनगरला थंडीत अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हल होतो, तिथं असे सिनेमे मोठ्या पडद्यावर लागतात, जमलं तर दोन दिवस काढून या.

"धुरंधरला संध्याकाळी सहाच्या शोला गेलो, सुटला तेव्हा शेवटची एसटी गेलेली. रात्र स्टँडवर काढली. सिनेमा आवडला. पण इतका लांब सिनेमा काढायला परवानगी कशी देतात?"
– एक भाऊ, माजलगाव तालुका

भाऊ, सेन्सॉर बोर्ड काय दाखवलंय ते बघतं, तुमची एसटी बघत नाही. साडेतीन तासांच्या वर सिनेमा, त्यात जाहिराती आणि इंटरव्हल, म्हणजे सहाचा शो दहाच्या पुढंमागंच सुटणार. ह्याचा पुढचा भाग पण आहे. तेव्हा दुपारचा शो धरा, आणि स्टँडवर रात्र काढून पण आवडला म्हणता तर कुठला प्रसंग आवडला ते मात्र तुम्ही लिहिलंच नाही.