आधी ‘किती हरलात’ विचारू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. समुपदेशन केंद्रात रुजू झालीस आणि पहिल्याच पत्रात नेमका प्रश्न विचारलास: जुगाराच्या नोंदवहीत बायका जवळजवळ नाहीतच, मग त्या खेळत नाहीत असं समजायचं का? तसं समजू नकोस. आपल्याकडे बाई जुगाराचं नाव घेऊन दारात येत नाही. ती येते झोप लागत नाही म्हणून, डोकं दुखतं म्हणून, नाहीतर बचत गटाचा हप्ता थकला आणि घरात कळलं म्हणून.

खानदेशातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, डोळ्यांसमोर आण. माहेरवाशिणी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात आणि गडी माणसं पारावर, मळ्यात पत्त्यांचे डाव मांडतात. एरवी पत्त्याला हात न लावणाराही त्या दिवशी बसतो, वडीलधारे बघून न बघितल्यासारखं करतात. सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्यांचे, हिशेबही त्याच सुमाराला होतात, त्यामुळे हातात रोकड असते. पुरुष जास्त का खेळतात याचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतं. त्याला बसायला जागा आहे, सोबत आहे, खिशात पैसा आहे, वर सणाची मुभा. बाईला यातलं काय मिळतं? म्हणून ‘पुरुषांच्या रक्तातच असतं ते’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नकोस.

बाहेरच्या देशांतले अभ्यास तू वाचशीलच. पुरुषांचा ओढा पत्ते, घोड्यांच्या शर्यती, सामन्यांवरच्या पैजा यांकडे जास्त दिसतो. तिथं आपली अक्कल चालते असं वाटतं, चारचौघांत हिंमत दाखवता येते. थरार हवा असतो आणि पैसाही. बायकांचा ओढा लॉटरी, बिंगो, यंत्रावरचे खेळ यांकडे, जिथं डोकं लढवावं लागत नाही. काळजी, एकटेपणा, घरातला ताप घडीभर विसरायला त्या खेळतात, असं पुन्हा पुन्हा आढळलं आहे. उपचाराला आलेल्या बायकांत आणखी एक गोष्ट अनेकदा दिसली: त्या सुरुवात उशिरा करतात, पण व्यसनापर्यंत लवकर पोहोचतात. मात्र यातले बरेच अभ्यास अशा ठिकाणचे आहेत, जिथं बाई एकटी जाऊन यंत्रापुढे बसू शकते. ते जसेच्या तसे धुळ्या-नंदुरबारला लावू नकोस. कारण घे, खेळाचं नाव सोड.

आता मटक्याचं बघ. मुंबईत १९६०च्या दशकात तो फोफावला, त्याचं मूळ न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर लावलेल्या पैजांत. आपण कापूस पिकवणारी माणसं, कापसाच्या भावाची धाकधूक आपल्याला नवी नाही. आकड्यात अक्कल कुठंच चालत नाही, तरी लावणारा जुन्या आकड्यांचे तक्ते घेऊन बसतो, ओपनवरून, म्हणजे आधी निघालेल्या आकड्यावरून, क्लोज, म्हणजे नंतर निघणारा आकडा काढतो. असा माणूस समोर आला तर वाद घालू नकोस. त्याला त्याचं गणित मांडू दे, कागदावर लिहू दे. गेल्या महिन्यातले किती आकडे लागले हे त्याच्याच हातानं लिहिलं गेलं, की पुढचं बोलणं सोपं जातं. पुरुषाला आपण हरलो याहून आपलं डोकं चाललं नाही हे जास्त लागतं.

बाईशी बोलणं वेगळं. माझ्यासमोर बसलेली एक जण पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली होती, “जुगार नई शे माय, मोबाईलवर येळ जास.” म्हणजे जुगार नाही, मोबाईलवर नुसता वेळ जातो. मी पैशाचं काही न विचारता कधी खेळतेस एवढंच विचारलं. दुपारी, सगळे शेतात गेल्यावर, सासूला औषध देऊन झालं की. मग तिनं स्वतःच सांगितलं, की तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. ती काय शोधत होती ते या एका वाक्यात आलं. पैशाचा आकडा तिनं पुढच्या भेटीत आपणहून सांगितला. पहिल्याच भेटीत ‘किती हरलीस’ म्हटलं असतं तर ती परत आली नसती, कारण घरात तिला तेच विचारणारे भरपूर होते.

फोननं पाराची अट काढून टाकली, म्हणून मला बायकांची जास्त काळजी वाटते. पारावरच्या माणसाला निदान कुणीतरी उठवायला जातं. स्वयंपाकघरातल्या फोनवर काय चाललंय ते कुणाला दिसतं? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे बाईला स्पष्ट सांग. पोलिसांच्या भीतीनं ती गप्प बसते. आडवाटेची ॲप मात्र कायद्यानं लगेच संपत नाहीत.

बायकांची भेटीची वेळ दुपारची ठेव आणि दारावरच्या पाटीवर ‘व्यसनमुक्ती’ असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसव. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दे, तो फोन फुकट आहे आणि रात्रीही लागतो. नोंदवहीत ‘कोणता खेळ’ या रकान्याशेजारी ‘कोणत्या वेळी’ आणि ‘तेव्हा घरात कोण’ असे दोन रकाने आजच आखून घे. महिनाभराच्या नोंदी नावं गाळून मला पाठव, मग आखाजीच्या आधी कोणत्या गावांत जायचं ते दोघी बसून ठरवू.

तुझी,
ताई